थोरांची ओळख : सावकाश हाताचे शल्यविशारद डॉ. थिओडोर कोखर

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या मानेत, कंठाच्या थोडे खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. विज्ञानाच्या पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हटले आहे. घरात मात्र आपण तिला थायरॉईड या नावानेच ओळखतो. या ग्रंथीच्या पाठीला चिकटून आणखी काही इवल्याशा ग्रंथी असतात. त्या बहुधा चार असतात आणि प्रत्येकीचा आकार तांदळाच्या किंवा मसुरीच्या दाण्याएवढा असतो. त्यांना परावटू म्हणजे पॅराथायरॉईड ग्रंथी म्हणतात. शेजार आणि नाव सारखे असले तरी दोघींची कामे अगदी वेगळी आहेत. थायरॉईड शरीराच्या वाढीचा आणि ऊर्जेचा कारभार पाहते, तर परावटू ग्रंथी रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण सांभाळतात.

कॅल्शियम फक्त हाडांसाठी आणि दातांसाठी लागते असे आपल्याला वाटते. पण नसा आणि स्नायू नीट चालण्यासाठीही रक्तात ते ठरावीक प्रमाणात असावे लागते. ते फार उतरले की ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हातापायांत वांब येतात, बोटे आखडतात. त्याहून उतरले तर आचके येऊन जिवावर बेतू शकते. थायरॉईड काढण्याची शस्त्रक्रिया करताना शेजारच्या या दाण्याएवढ्या ग्रंथींना धक्का लागला, तर रुग्णावर नेमके हेच संकट येते.

ते संकट पुष्कळ टाळता येते, हे आज आपल्याला माहीत आहे. या ज्ञानाच्या इतिहासात स्वित्झर्लंडमधील एका शल्यविशारदाचे स्थान मोठे आहे आणि थोडे वेगळेही आहे. परावटू ग्रंथींचे काम जगाला कळण्याच्या आधीपासून त्यांचा हात त्या ग्रंथींना जपत होता. आणि जे नुकसान त्यांच्या हातून झाले, ते त्यांनी स्वतः शोधून जगासमोर मांडले. त्यांचे नाव डॉ. एमिल थिओडोर कोखर.

बालपण आणि शिक्षण

कोखर यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात झाला. वडील अभियंता होते आणि आई अत्यंत धर्मपरायण होती. घरची शिस्त कडक होती आणि आईच्या संस्कारांचा ठसा त्यांच्यावर जन्मभर राहिला. बर्नच्या विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण पुरे केल्यावर ते बर्लिन, लंडन, पॅरिस येथे फिरले आणि त्या काळचे नामवंत शल्यविशारद कसे काम करतात हे त्यांनी जवळून पाहिले. थिओडोर बिलरोथ या मोठ्या शल्यविशारदाकडेही ते काही काळ शिकले. या बिलरोथ यांची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे.

बर्नला परतल्यावर ते तेथील शल्यचिकित्सा विभागात साहाय्यक झाले. खांद्याचा निखळलेला सांधा हलक्या हाताने परत बसवण्याची त्यांनी सांगितलेली रीत १८७० मध्ये प्रसिद्ध झाली. १८७२ मध्ये विभागप्रमुखांची जागा रिकामी झाली. विद्यापीठातील मंडळींच्या मनात बाहेरचा एक अनुभवी माणूस होता, पण बर्नच्या लोकांना आणि विद्यार्थ्यांना कोखर हवे होते. अखेर तिशी नुकतीच ओलांडलेल्या या तरुणाची प्राध्यापकपदी नेमणूक झाली. पुढे परदेशातील मोठमोठ्या विद्यापीठांनी त्यांना बोलावले, तरी त्यांनी बर्न सोडले नाही. मृत्यूपर्यंत पंचेचाळीस वर्षे त्यांनी त्याच गावात काम केले.

गलगंडाचा प्रदेश

स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात त्या काळी गलगंडाचे रुग्ण गावोगाव दिसत. थायरॉईड ग्रंथीला तिचे काम करण्यासाठी आयोडीन लागते. आल्प्सच्या मातीत आणि पाण्यात आयोडीन फार कमी आहे. ते पुरेसे मिळाले नाही की ग्रंथी फुगत जाते. काही रुग्णांच्या मानेवर नारळाएवढी गाठ होई. ती श्वासनलिकेवर दाब देऊ लागली की माणूस गुदमरू लागे.

गाठ काढावी तर शस्त्रक्रियेतच मृत्यू येण्याची भीती मोठी होती. थायरॉईडला रक्तपुरवठा भरपूर असतो. रक्त एकदा वाहू लागले की आवरत नसे, आणि त्यातून वाचलेला रुग्ण जखम पिकून दगावे. स्वतः बिलरोथ यांनी झ्युरिकमध्ये असताना गलगंडाच्या वीस शस्त्रक्रिया केल्या, त्यांत आठ रुग्ण गेले. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांनी या शस्त्रक्रियेचे नावही घेतले नाही.

कोखर यांनी हेच अवघड काम हाती घेतले. जोसेफ लिस्टर यांनी सांगितलेली जंतुनाशनाची पद्धत त्यांनी कसोशीने पाळली. मानेच्या खालच्या घडीत गळपट्टीसारखा आडवा छेद घेण्याची रीत त्यांनी रूढ केली. प्रत्येक रक्तवाहिनी कापण्यापूर्वी ते ती ओळखत, चिमट्यात धरत आणि बांधत. त्यासाठी त्यांनी तयार केलेला दातेरी चिमटा आजही जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत त्यांच्याच नावाने मागितला जातो. त्यांच्या शस्त्रक्रियेला वेळ लागे, पण रक्त फार थोडे सांडे. रक्त साचलेले नसल्यामुळे समोर काय आहे ते त्यांना स्पष्ट दिसे आणि थायरॉईडच्या आवरणाला धरून, बाहेरच्या भागाला न दुखावता, त्यांना काम करता येई.

याचा परिणाम आकड्यांत दिसला. १८८३ पर्यंतच्या त्यांच्या सुमारे शंभर शस्त्रक्रियांत मृत्यूचे प्रमाण शंभरात तेराच्या आसपास होते. १९१२ पर्यंत त्यांच्या थायरॉईड शस्त्रक्रियांची संख्या पाच हजारांवर गेली आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात अर्ध्याहूनही खाली आले.

अकरा वर्षांची मुलगी

मित्रांनो, यशाची ही गोष्ट येथेच संपली असती तर कोखर फक्त कुशल शल्यविशारद म्हणून लक्षात राहिले असते. पण जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीचे थायरॉईड पूर्ण काढले होते. जखम भरली, मुलगी घरी गेली, शस्त्रक्रिया यशस्वी म्हणून नोंदली गेली. काही काळाने तिच्या गावाकडच्या डॉक्टरांनी कोखर यांना कळवले की मुलीचा स्वभाव पार पालटला आहे. ती मंद झाली आहे, तिला हालचाल नकोशी वाटते.

पुढे १८८२ मध्ये जिनीव्हाच्या जॅक रेव्हर्दँ यांनीही आपल्या रुग्णांत असेच बदल दिसल्याचे सांगितले. तेव्हा कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा तपासायला बोलावले. ती मुलगी आली तेव्हा त्यांना धक्काच बसला. तिची धाकटी बहीण आता उंच तरुणी झाली होती. पूर्वी दोघी इतक्या सारख्या दिसत की ओळखताना गोंधळ होई. शस्त्रक्रिया झालेली मोठी बहीण मात्र लहान मुलीएवढीच राहिली होती. तिचा चेहरा सुजला होता आणि बुद्धीही मंदावली होती. थायरॉईड पूर्ण काढलेले जे अठरा रुग्ण तपासायला आले, त्यांपैकी सोळा जणांत कमीअधिक प्रमाणात हेच बदल दिसले.

त्या काळी थायरॉईडचे काम काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. ती काढली तरी चालते असाच समज होता. तेव्हा कोखर यांना दोष देणारे कोणी नव्हते. त्यांनी मौन पाळले असते तर कदाचित कोणाला कळलेही नसते. पण एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला भरलेल्या जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत त्यांनी हे सारे रुग्ण एकेक करून मांडले. आपल्या शस्त्रक्रियेमुळे हे घडले असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण थायरॉईड काढणे थांबवले. येथून पुढे ग्रंथीचा काही भाग मागे ठेवण्याची पद्धत त्यांनी धरली.

कारण सांगताना मात्र त्यांचा अंदाज चुकला होता. श्वासनलिकेला इजा होऊन हवा कमी पडते, म्हणून हे बदल होतात असे त्यांना प्रथम वाटले. पुढे इतरांच्या प्रयोगांतून सिद्ध झाले की खरे कारण थायरॉईडचा रसच नाहीसा होणे हे आहे. १८९१ मध्ये इंग्लंडमधील जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क देऊन अशा विकाराच्या रुग्णाला बरे केले. आजची थायरॉईडची गोळी याच वाटेने आली आहे.

दोन हात, दोन संकटे

आता बिलरोथ यांच्याकडे वळू. ते पुढे व्हिएन्नाला गेले आणि तेथे त्यांनी थायरॉईडच्या शस्त्रक्रिया पुन्हा सुरू केल्या. जंतुनाशनामुळे त्यांचेही मृत्यूचे प्रमाण बरेच उतरले. पण त्यांच्या रुग्णांत वेगळेच संकट दिसू लागले. शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांची बोटे आखडत, स्नायूंना पेटके येत, काहींना आचके येत. या विकाराला टेटनी म्हणतात. जखमेतून होणारा धनुर्वात तो वेगळा, या दोघांची गल्लत करू नये. बिलरोथ यांचे साहाय्यक अँटन व्योल्फ्लर यांनी १८७९ मध्ये अशा रुग्णाची नोंद केली.

दोघेही आपापल्या ठिकाणी नामवंत आणि दोघेही तीच ग्रंथी काढत होते. तरी बर्नच्या रुग्णांत सूज आणि मंदपणा जास्त, टेटनी क्वचित. व्हिएन्नात टेटनी जास्त, सूज कमी. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी दिले. त्यांनी या दोघांचेही काम प्रत्यक्ष पाहिले होते. १९२० मध्ये गलगंडाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिताना त्यांनी दोघांच्या हातांची तुलना केली. बिलरोथ झपाट्याने शस्त्रक्रिया करत, रक्तस्रावाची फारशी पर्वा करत नसत. त्या घाईत थायरॉईडचे तुकडे मागे राहत आणि शेजारच्या परावटू ग्रंथी मात्र निघून जात किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटे. कोखर सावकाश आणि नीटनेटके काम करत. ते थायरॉईड अगदी निःशेष काढत, पण तिच्या आवरणाबाहेरच्या कशाला सहसा धक्का लावत नसत. त्यामुळे परावटू ग्रंथी जागच्या जागी राहत. १८८३ नंतर तर कोखर ग्रंथीचा काही भागच मागे ठेवू लागले आणि रुग्ण दोन्ही संकटांपासून अधिक सुरक्षित झाले.

दाण्याएवढ्या ग्रंथींचा शोध

या ग्रंथी प्रथम दिसल्या त्या एका भारतीय गेंड्यात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात असलेला हा गेंडा १८४९ मध्ये मेला. त्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना थायरॉईडला चिकटलेली एक छोटी पिवळसर ग्रंथी आढळली. माणसाच्या शरीरातील या ग्रंथींचे पद्धतशीर वर्णन स्वीडनमधील उप्साला येथे वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या ईव्हार सांडस्ट्रोम या विद्यार्थ्याने १८८० मध्ये केले. पन्नास मृतदेह तपासून त्याने ते लिहिले, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१८९१ मध्ये फ्रान्समधील यूजेन ग्ले यांनी या ग्रंथींचा टेटनीशी संबंध असल्याचे प्रयोगांतून दाखवले. १८९६ मध्ये इटलीतील व्हासाले आणि जेनेराली यांनी थायरॉईडला हात न लावता प्राण्यांच्या फक्त परावटू ग्रंथी काढल्या आणि टेटनी होते हे सिद्ध केले. १९०७ मध्ये हॉल्स्टेड आणि त्यांचे सहकारी एव्हान्स यांनी या ग्रंथींना रक्त कोठून मिळते याचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. १९०९ च्या सुमारास अमेरिकेतील मॅककॅलम आणि व्होग्टलिन यांनी दाखवले की परावटू ग्रंथी काढल्यावर रक्तातील कॅल्शियम उतरते आणि कॅल्शियम दिले की आचके थांबतात. कोडे सुटले ते असे.

नोबेल आणि अखेरचे दिवस

त्याच १९०९ साली थायरॉईडवरील कार्यासाठी कोखर यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले शल्यविशारद. त्यांनी मोठी रक्कम बर्न विद्यापीठाला संशोधनसंस्थेसाठी दिली. शस्त्रक्रियेवरील त्यांचा ग्रंथ अनेक भाषांत गेला आणि त्यांच्या हाताखाली शिकायला देशोदेशींचे डॉक्टर बर्नला येत. त्यांचे थोरले चिरंजीव आल्बर्ट हेही शल्यविशारद होऊन वडिलांच्या मदतीला उभे राहिले. वयाच्या पंचाहत्तरीतही कोखर यांचे काम सुरू होते. २७ जुलै १९१७ रोजी बर्न येथेच त्यांचे निधन झाले. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडने आयोडीनयुक्त मीठ सुरू केले आणि ज्या गलगंडाशी ते आयुष्यभर झुंजले तो तेथून हळूहळू ओसरला. ते पाहायला मात्र कोखर नव्हते.

पालकांसाठी

आजही अनेक कुटुंबांत कोणा ना कोणाची थायरॉईडची शस्त्रक्रिया होते. त्यात स्त्रियांचे प्रमाण अधिक असते. म्हणून कॅल्शियमविषयीच्या चार गोष्टी येथे देत आहोत.

शस्त्रक्रियेपूर्वी रक्तातील कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते आधीच भरून काढता येते. त्यामुळे नंतर कॅल्शियम उतरण्याची भीती कमी होते. अशा शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या डॉक्टरांकडे जावे, कारण परावटू ग्रंथी आणि चरबीचा कण दिसायला जवळजवळ सारखेच असतात. ओळखायला सरावलेली नजर लागते. एखादी ग्रंथी चुकून निघाली किंवा तिचा रक्तपुरवठा तुटला, तर तिचे बारीक तुकडे करून ती मानेच्या स्नायूत रोवता येते. तेथे ती पुन्हा काम करू लागू शकते.

संपूर्ण थायरॉईड काढल्यावर साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत कॅल्शियम काही काळ उतरते. बहुतेकांचे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होते, कायमचा त्रास थोड्यांनाच राहतो. हे उतरणे बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसते. म्हणजे कित्येकदा रुग्ण तोवर घरी आलेला असतो. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या, हातपाय आखडू लागले तर अशक्तपणा आहे म्हणून अंगावर काढू नये, लगेच डॉक्टरांना कळवावे. आचके आले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर तडक रुग्णालय गाठावे. तेथे शिरेतून कॅल्शियम देऊन आराम पाडता येतो. शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच रक्तातील परावटू संप्रेरक मोजून धोका कोणाला अधिक आहे याचा अंदाज घेता येतो. त्यानुसार डॉक्टर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतात. त्या सांगितल्याशिवाय बंद करू नयेत आणि मनाने वाढवूही नयेत.

आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये. कॅल्शियममुळे थायरॉईडची गोळी अंगी नीट लागत नाही. सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेतली असेल तर कॅल्शियम निदान चार तासांनी घ्यावे. घरात आजी, आई किंवा मावशी या गोळ्या घेत असेल तर वेळेची आठवण करून देण्याचे काम आमचे विद्यार्थी नक्कीच करू शकतील.

विद्यार्थी मित्रांनो, कोखर यांच्या चरित्रातून घेण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्यांतल्या दोन ध्यानात ठेवा. एक म्हणजे हातातले काम स्वच्छ आणि सावकाश करणे. त्यातून होणारे भले कधी कधी आपल्यालाही ठाऊक नसते. दुसरी म्हणजे काम झाल्यावर परत जाऊन त्याचे पुढे काय झाले ते पाहणे, आणि जे दिसेल ते खरे सांगणे. त्या अकरा वर्षांच्या मुलीचे गेलेले बालपण कोखर परत आणू शकले नाहीत. पण तिला पुन्हा बोलावून त्यांनी जे पाहिले आणि सांगितले, त्यामुळे तिच्यामागून आलेल्या असंख्य मुलामुलींची वाढ खुंटली नाही.